मोरीजवळचं वळण सरळ का दिसतं?

नागपूरच्या पश्चिमेला, संत्र्याच्या बागांच्या पट्ट्यातून जाणाऱ्या एका दुपदरी रस्त्यावरचं हे प्रकरण आहे. रस्त्याचं आणि संबंधित खात्याचं नाव देत नाही. प्रस्ताव अजून टेबलावर आहे आणि नाव कळल्याने इथला तांत्रिक मुद्दा काही बदलत नाही.

तक्रार एका बागवाल्याची होती. त्याच्या बागेचं तारेचं कुंपण शहराकडून जाताना डाव्या हाताला लागतं आणि दर काही महिन्यांनी एखादी गाडी ते तोडून थेट झाडांत शिरते. कधी पिकअप, कधी कार, बहुतेकदा अंधार पडल्यावर. त्याची मागणी साधी होती : "इथं एक ब्रेकर टाकून द्या जी." खात्याचं म्हणणंही साधं होतं : रस्ता नुकताच रुंद केलाय, वळणाची पाटी आहे, ५० च्या वेगमर्यादेची पाटी आहे, त्यावर कोणी भरधाव जात असेल तर रस्त्याचा काय दोष? पंचनाम्यातही 'भरधाव वेगाने' हे दोन शब्द ठरलेलेच.

बागवाल्याला ते पटत नव्हतं. "दारू पिऊन पडले असते तं समजलं असतं. हे शुद्धीतले लोक आहेत, सर. गाडीतून उतरते अन् म्हणते, रोड कुठं गेला?"

तपास खरा सुरू झाला तो या 'रोड कुठं गेला' वरून.

आधी जागा कशी आहे ते सांगायला हवं. नागपूर दोन वेगवेगळ्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पूर्वेकडे जुना ग्नाइस आणि बरीचशी सपाटी, तर पश्चिमेकडे दख्खनच्या बेसाल्टची टेकाडं आणि त्यांच्यामधून वाहणारे नाले. त्यामुळे पश्चिमेकडचे रस्ते सतत चढतात नि उतरतात. प्रत्येक उताराच्या तळाशी नाला आणि नाल्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल. मोरी जितकी आखूड तितकी स्वस्त, म्हणून जुन्या अभियंत्यांनी बहुतेक ठिकाणी रस्ता थोडा वळवून नाला काटकोनात ओलांडला आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा मूळ रेषेच्या आसपास आणून सोडला. बैलगाडीच्या आणि एसटीच्या काळात यात काहीच चुकीचं नव्हतं.

आपल्या जागीही तेच आहे. शहराकडून येताना लांब सरळ रस्ता, मग साधारण ३ टक्क्यांचा उतार, उतारावरच सुरू होणारं उजवं वळण, तळाशी मोरी, तिच्यापलीकडे डावं वळण आणि ३ टक्क्यांचा चढ. चढाचा वरचा भाग अलीकडच्या सरळ रस्त्याच्या जवळपास समोरच येतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा.

आता कोडं असं की याच रस्त्यावर शहराच्या बाजूला किलोमीटरभर आधी एक वळण आहे, टेकाडाच्या माथ्यावरचं. ते या वळणाच्या सुरुवातीपेक्षा चांगलंच तीव्र आहे, पण तिथे कोणी पडत नाही. आणि मोरीच्या वळणावरही विरुद्ध दिशेने, म्हणजे काटोलच्या अंगाने शहराकडे येणारे पडत नाहीत. डांबर तेच, मोरी तीच, चालकही साधारण त्याच वकुबाचे. नुसता वेगच कारण असता तर त्याने दिशा पाहिली नसती.

वळणाची त्रिज्या मोजायला महागडं उपकरण लागत नाही. डांबराच्या कडेवर ३० मीटरची दोरी ताणून धरायची आणि दोरीच्या बरोबर मध्यापासून कड किती लांब आहे ते टेपने मोजायचं. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, म्हणजे त्रिज्या. माथ्यावरच्या वळणाला हे अंतर ७३ सेंटिमीटर भरलं. त्रिज्या सुमारे १५५ मीटर. मोरीच्या वळणाच्या सुरुवातीला ४९ सेंटिमीटर. त्रिज्या २३० मीटर, म्हणजे बरंच सौम्य वळण. तीच दोरी मोरीच्या तोंडाशी नेली तेव्हा अंतर झालं ९४ सेंटिमीटर. त्रिज्या एकदम १२० मीटरवर आली.

म्हणजे हे एक वळण नव्हतंच. रुंदीकरणात सुरुवातीचा भाग ऐसपैस करून दिला होता, पण जुनी मोरी तोडायला पैसे नसावेत. म्हणून शेवटच्या चाळीसेक मीटरमध्ये रस्ता जुन्या मोरीच्या तोंडात कसाबसा बसवला होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या भूमितीच्या संहितेत, आयआरसी ७३ मध्ये, अशा जोडवळणांसाठी मर्यादा आहे : सौम्य त्रिज्या तीव्र त्रिज्येच्या दीडपटीपेक्षा मोठी नसावी. इथे ती जवळजवळ १.९ पट होती.

वेगाच्या हिशेबात हे असं उतरतं. ताशी किलोमीटरमधल्या वेगाच्या वर्गाला १२७ आणि मीटरमधली त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागायचं. हे उत्तर रस्त्याचा आडवा कल आणि टायरचं घर्षण यांच्या बेरजेइतकं यावं लागतं. घर्षणाचा आयआरसीचा आकडा ०.१५. आडवा कल, म्हणजे सुपर एलिव्हेशन, इथे ४ टक्के भरला. त्यावरून सुरुवातीच्या भागाचा आरामशीर वेग ताशी ७५ किलोमीटरच्या जवळ येतो, तर मोरीजवळचा ५४ च्या जवळ. सौम्य भाग ५० मीटर लांब आहे. ७५ च्या वेगाने तो २.४ सेकंदांत संपतो. चालकाने धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला आयआरसी २.५ सेकंद धरते. म्हणजे वळण आवळतंय हे उमगेपर्यंत आवळलेलं वळण सुरू झालेलं असतं.

७५ च्या वेगाने १२० मीटरच्या वळणात शिरलं तर ०.३३ इतकं घर्षण लागतं. कोरड्या डांबरावर ते मिळतं, म्हणून बहुतेक जण दचकून, थोडं रस्त्याच्या कडेला जाऊन का होईना, निघून जातात. ट्रॅक्टरच्या चाकांची माती सांडलेली असली, पाऊस असला किंवा संत्र्याचे क्रेट उंच रचलेली पिकअप असली की मग कुंपण. काटोलकडून येणाऱ्याला मात्र तीव्र भाग आधी लागतो. तो आधीच वेग उतरवतो आणि मग वळण त्याच्यासाठी सैल होत जातं. दिशेचं कोडं इथे सुटलं.

पण अर्धंच. कारण चालक दोरी लावून त्रिज्या मोजत नाही. तो दिसतं त्यावरून अंदाज करतो, आणि हा अंदाज रस्त्याच्या चढउताराने बदलतो. यावर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅनडात पद्धतशीर काम झालं. बिडुल्का, सय्यद आणि हसन यांनी चालकांना संगणकावर तयार केलेली रस्त्यांची दृश्यं दाखवली. निष्कर्ष असा की तेच वळण माथ्यावर असलं तर जास्त तीव्र दिसतं आणि खोलगट भागात असलं तर सपाट, सौम्य दिसतं.

असं का होतं, ते आपल्याच वळणावर आकडे घालून पाहता येतं. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरा. सपाट रस्त्यावर ५० मीटर आणि १०० मीटर पुढचे दोन बिंदू त्याला एकमेकांच्या वर जेमतेम ०.७ अंशाच्या फरकाने दिसतात. आता १५० मीटरमध्ये ३ टक्के उताराचा ३ टक्के चढ होणारा खळगा घ्या. पुढचा रस्ता वर उचलला जातो आणि तेच दोन बिंदू जवळपास १.२५ अंशाच्या फरकाने दिसू लागतात. २३० मीटर त्रिज्येच्या वळणात ते आडवे सरकतात मात्र तेवढेच, साधारण ६ अंश. म्हणजे चित्र उभं ताणलं गेलं पण आडवं तेवढंच राहिलं. दोरी आखूड धरली तर तिची झोळ ठसठशीत दिसते, लांब ताणली तर तीच झोळ सरळ रेघेसारखी वाटते. डोळ्यांचं इथे तसंच होतं. माथ्यावर उलट : पुढचा रस्ता खाली जातो, चित्र दाबलं जातं, वळण आहे त्याहून वाईट दिसतं आणि चालक गरजेपेक्षा आधीच पाय उचलतो. म्हणून १५५ मीटरच्या वळणावर कोणी पडत नाही.

गंमत म्हणजे खळग्याची लांबी नियमात अगदी चपखल बसते. रात्री हेडलाइटचा झोत थांबण्याच्या अंतराइतका पोहोचावा यासाठी आयआरसीचं सूत्र आहे. ८० च्या वेगाला, १२० मीटर अंतर धरून, ते दीडशे मीटरच्या आसपास लांबी मागतं. तेवढी इथे होती. उभा छेद, म्हणजे चढउताराचा नकाशा, तपासणाऱ्याने बरोबर म्हणून शिक्का मारला असणार. आडव्या आखणीचा, म्हणजे वळणांचा, नकाशा कदाचित दुसऱ्याच टेबलावर होता. खळग्याच्या तळाशी तीव्र वळण देऊ नये, असंही त्याच आयआरसी ७३ मध्ये लिहिलेलं आहे. पण ते वाक्य दोन नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय लागू पडत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या भानगडी या शेजारी न ठेवण्याच्या आहेत.

ही झाली दिवसाची गोष्ट. रात्री काय होतं ते पाहायला संध्याकाळी थांबावं लागलं, आणि सगळ्यात मोलाची गोष्ट तिथेच सापडली.

रस्त्याच्या डाव्या कडेला जुनी कडुनिंबाची रांग आहे. रस्ता उजवीकडे वळतो तिथे ही रांग वळत नाही. जुन्या गाडीवाटेच्या रेषेत ती नाल्याकडे सरळ जाते. विजेचे खांबही तसेच सरळ, बागेतून पलीकडे. रुंदीकरणानंतर कंत्राटदाराने दरवर्षीप्रमाणे झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारले आणि उत्साहाच्या भरात वळणापलीकडची, शेतातली झाडंही रंगवून टाकली. अंधारात गाडीच्या उजेडात पहिलं काय चमकतं, तर हे पांढरे पट्टे, एकामागून एक, सरळ रेषेत. रस्ता उजवीकडे गेलाय, पट्टे मात्र कुंपणातून पुढे बोलावताहेत. त्यात समोरच्या चढावरून गाडी येत असली की तिचे दिवे बरोबर नाकासमोर दिसतात, कारण चढाचा वरचा भाग जवळपास त्याच रेषेत आहे. मधला खळगा आणि त्यातलं वळण काळोखात. जो माणूस पहिल्यांदाच या रस्त्याने जातोय त्याच्या दृष्टीने रस्ता सरळ आहे, आणि याला पुरावेही भरपूर आहेत.

पाटी होती ना, असं कोणी म्हणेल. होती. पण वळणाची पाटी सांगते की पुढे वळण आहे. ती कुठे सुरू होतं, किती आवळतं हे सांगत नाही. पाटी एक सांगते आणि झाडं, खांब, दिवे दुसरंच दाखवतात तेव्हा माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो. शिवाय शहराबाहेरच्या चौपदरी रस्त्यावरून तासाला नव्वदने आलेल्याला सत्तर हा वेगच वाटत नाही. हा परिणाम काट्याकडे न पाहता वेगाचा अंदाज करायला सांगितलेल्या चालकांवर १९६० च्या दशकातच मोजला गेलेला आहे.

आणखी एक अडथळा वळणाच्या आतल्या बाजूला होता : बेशरम नावाचं झुडूप. विदर्भातल्या कुठल्याही नाल्याकाठी तिला लावावं लागत नाही. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की वळणात शिरण्याच्या सेकंद-दोन सेकंद आधी चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवर, जिथे ती कड सर्वांत पुढे आलेली दिसते त्या बिंदूवर, जाऊन टेकते. त्यावरून स्टिअरिंग किती फिरवायचं ते ठरतं. वळण आवळत असेल तर सगळ्यात आधी हा बिंदू ते सांगतो. इथे बेशरमीचं बेट डांबराच्या कडेपर्यंत आलेलं, त्यामुळे पुढची कड दिसतच नव्हती. १२० मीटरच्या वळणावर ५० च्या वेगालाही थांबण्याइतकं, म्हणजे ६० मीटर, दिसायचं तर आतल्या लेनच्या मध्यापासून पावणेचार मीटर जागा मोकळी हवी. तिथे दोन मीटरही नव्हती.

इतकं असून ही जागा सरकारी यादीत ब्लॅक स्पॉट का नव्हती? कारण व्याख्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या निकषानुसार साधारण ५०० मीटरच्या टापूत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले तरच ब्लॅक स्पॉट. इथे तारा तुटतात, बंपर जातो, एखाद्याचं मनगट मोडतं, बागवाल्याशी तिथल्या तिथे हिशेब मिटतो आणि नोंद होत नाही. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात शहर बसमध्ये कॅमेरे बसवून, माणसं मरायच्या आधीच धोक्याच्या जागा हुडकायचा प्रयत्न झाला. कल्पना योग्य आहे. पण ती बस या रस्त्याने जात नाही.

ब्रेकरला मी ठाम नाही म्हटलं आणि त्यावरून बागवाल्याशी बराच वाद झाला. खळग्याच्या तोंडाशी, न दिसणाऱ्या जागी ब्रेकर टाकला तर दुचाकीवाला आधी त्यावरून उडेल आणि मग वळण न दिसून कुंपणात जाईल. "मंग तुमी काय करता, नुसते पट्टेच मारता का?" असं त्याने विचारलं. एका अर्थी हो. आधी काही पट्टे पुसायचे होते.

शेतातल्या झाडांवरचा चुना खरवडून काढला. वळणापर्यंतच्या झाडांवरचा ठेवला. बेशरम मुळापासून काढली. दोन्ही कडांना पांढरी पट्टी आणि गाडीच्या उजेडात चमकणारे कॅट आय, मोरीच्या कठड्याच्या तोंडावर काळे-पिवळे पट्टे. आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या कडेने शेवरॉन, म्हणजे बाणाच्या टोकासारख्या पिवळ्या-काळ्या पाट्या, एका वेळी निदान तीन दिसतील अशा.

त्यांची जागा कागदावरून ठरवली नाही. अंधार पडल्यावर मी गाडी उतारावर उभी केली, लो बीम लावला आणि चालकाच्या सीटवर बसलो. खाली दोन विद्यार्थी बांबूला बांधलेली एक पाटी घेऊन उभे. फोनवर सूचना : "दोन पावलं मागे. अजून खाली घ्या. बस, तिथेच." नेहमीच्या उंचीवर पाटी मंदच दिसत होती, कारण उतारावर गाडीचं तोंड खाली असतं आणि लो बीमचा झोत पाटीच्या खालूनच निघून जात होता. फूटभर खाली आणताच ती झळझळीत पेटली. हाच प्रयोग पुढच्या पाट्यांसाठी केला, आणि एका क्षणी गाडीतून बघताना तीन पाट्यांची कमान काळोखात उजवीकडे झुकलेली दिसली. तोवर त्या जागी वळण आहे हे रात्री कळायला काही साधनच नव्हतं.

उतारावर आडवे पट्टेही टाकले, पुढे पुढे एकमेकांच्या जवळ येत जाणारे. ही कल्पना ब्रिटनमधल्या गॉर्डन डेंटन यांची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या न्यूब्रिजच्या चौकाआधी त्यांनी असे पट्टे वापरले होते. पट्ट्यांमधलं अंतर कमी होत गेलं की आपला वेग वाढतोय असं वाटतं आणि पाय आपोआप उचलला जातो. माझं मत विचाराल तर यांच्यावर फार भरवसा ठेवू नये. रोज जाणाऱ्याला सवय होते, रंगही लवकर झिजतो. पण इथे पडणारे बहुतेक नवखेच असल्याने टाकून घेतले.

फरक कुठे दिसतो, तर ब्रेकच्या दिव्यांत. आधी ते मोरीच्या तोंडाशी, वळणाच्या ऐन मध्यात लागायचे. म्हणजे नको तिथे ब्रेक. आता बहुतेक गाड्यांचे उतारावरच, वळण सुरू व्हायच्या आधी लागतात. कुंपण काम झाल्यापासून शाबूत आहे. पण अपघात मुळात कमी संख्येने होणारी गोष्ट आहे, आणि वाईट काळानंतर काहीही न करता बरा काळ येऊ शकतो. म्हणून कुंपणापेक्षा ब्रेकचे दिवे कुठे लागतात हाच पुरावा मी जास्त मानतो. दुचाकीवाल्यांबद्दल अजून समाधान नाही. त्यांचा एकच दिवा, तोही अनेकदा आकाशाकडे लावलेला, खालच्या पाट्यांवर पडतच नाही.

खरा इलाज मोरी बदलण्याचा आहे. नवी मोरी नाल्याला थोडी तिरपी घातली तर आवळलेला भाग १२० वरून १५५ मीटरवर नेता येतो. २३० भागिले १५५ म्हणजे दीडपटीच्या आत. तिरपी मोरी लांब होते, खर्च वाढतो, आणि नेमकं हेच गणित टाळायला पूर्वी रस्ता वळवला होता. प्रस्तावात या वेळी आडवी आखणी आणि उभा छेद एकाच कागदावर काढून दिले आहेत. मंजुरी येईपर्यंत दर पावसाळ्यानंतर बेशरम कापायचं काम बागवाल्याने अंगावर घेतलंय. शेवरॉनच्या अॅल्युमिनियमवर कोणाचा डोळा पडू नये यासाठी त्याने पाट्यांचे नट स्वतःच वेल्डिंगने बंद करून घेतले. ब्रेकरचा अर्ज मात्र त्याने अजून मागे घेतलेला नाही.